पावसाच्या आधीची कामं

सोनपेठ भागातल्या काळ्या रानात काहीही बांधायचं असेल तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. ही जमीन हलते. मे महिन्यात आमच्या शेतात एवढ्या रुंद भेगा पडतात की हातातलं खुरपं निसटून आत गेलं तर कोपरापर्यंत हात घालून काढावं लागतं. मृगाचा पाऊस दमदार झाला की त्याच भेगा मिटतात, जमीन पाणी पिऊन फुगते, आणि दिवाळीनंतर पुन्हा आकसायला लागते. या फुगण्या-आकसण्यात भिंती तडकतात, दारांच्या चौकटी तिरक्या होतात, कडी लागेनाशी होते. सोनपेठहून गंगाखेडकडे किंवा पाथरीकडे जाताना रानातले विजेचे पोल कललेले दिसतात, त्यामागेही हीच माती असते. पाया खाली मुरूम लागेपर्यंत नेला तर बांधकाम टिकतं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुडाचे खांब घालण्याची पद्धत बसवली, ती याच कारणाने. आमच्याकडचे जुने गवंडी संस्थेचं नाव न ऐकताही एवढंच सांगत आले: मुरूम दिसल्याशिवाय दगड ठेवायचा नाही, आणि भिंतीच्या बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही.

मी पुण्याजवळ चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. यंत्रं बंद पडू नयेत, यासाठीच माझी नोकरी होती. वर्षाच्या सुरुवातीला तक्ता लागायचा. कोणत्या मशीनचं ग्रीसिंग कधी, कुठलं बेअरिंग किती तासांनी बदलायचं, कोणता पट्टा तपासायचा. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून गावाकडे आलेल्या हजारो लोकांत मीही होतो. बरेचजण सहा-आठ महिन्यांत परतले. मी राहिलो. वडील आधीच गेले होते, आई घरात एकटी होती, शेत बऱ्याच वर्षांपासून बटईने दिलेलं होतं, आणि घर आणि रान दोन्ही माणसाची वाट बघत थकली होती.

इथेही तक्ता आहे, तो नक्षत्रांवर चालतो. रोहिण्या लागायच्या आत माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, नवी माती. मृगाच्या आत धुरे आणि चर. पोळ्यापर्यंत आखाड्यावरची, म्हणजे रानातल्या झोपडीची, कुडं आणि गोठ्याची जमीन. हस्ताचा पाऊस सरला की नदीवरच्या मोटारी पुन्हा खाली. यातली जवळजवळ सगळी कामं पाण्याची आहेत. पाण्याला कुठून जाऊ द्यायचं आणि कुठे थांबवायचं, हे ठरलं की घर टिकतं आणि शेतही टिकतं. पाणी आपल्या सवडीने येत नाही, म्हणून त्या वेळेला माणूस जागेवर असावा लागतो. पुण्यातून पैसे पाठवून घर राखता येतं, असा अनेकांचा समज असतो. पैशाने माती विकत मिळते. पण पावसाची पहिली सर आल्यावर माळवदावर कोण चढणार, ते पैशाने ठरत नाही.

आमचं गावातलं घर जुन्या पद्धतीचं आहे. पुढे ढेळज, आत ओसरी, मग मधलं घर, मागे स्वयंपाकघर आणि परस. भिंती सव्वा हात रुंद, बाहेरून दगड आणि आतून माती. वर सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेल्या चिपा, त्यावर पाल्याचा थर, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. बाहेर त्रेचाळीस अंश तापलेलं असताना मधल्या घरात दुपारी झोप लागते. थंडीचंही तसंच. डिसेंबर 2018 च्या शेवटी परभणीत पारा 2 अंशांवर उतरला होता. त्या रात्रीही मधल्या घरात एका वाकळीवर भागलं, असं आई अजून सांगते.

पांढरी माती रानात मिळत नाही. पडक्या गढीच्या ढिगात, जुन्या गावठाणात, जिथे पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तिथे ती सापडते. राखेने आणि खाराने ती खारवट झालेली असते. भिजली की तिचे कण फुटून पसरतात आणि बारीक छिद्रं बुजवतात. काळी माती टाकली तर ती उन्हात भेगाळते आणि पुढच्या पावसात प्रत्येक भेगेतून धार लागते. गढीची माती आता संपत आली आहे. वीटभट्टीला गेली, रस्त्याच्या भरावाला गेली, घरकुलांच्या जोत्यांत गेली. मी पहिल्या वर्षी ज्या ठिकाणाहून ट्रॉली भरून आणली तिथे आता खड्डा आहे. त्यामुळे जुन्या माळवदावरून काढलेली माती आम्ही फेकत नाही. चाळून पोत्यांत भरून ठेवतो.

माळवदाचं काम जाणणारी माणसं सोनपेठात आता बोटांवर मोजण्याएवढी आहेत. मी ज्यांच्याकडून शिकलो ते आमच्याच गल्लीतले, सत्तरी ओलांडलेले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, मीही. ते शिडीवरून वर येतात ते चपला खाली काढून. आधी गवत. हरळी, आघाडा, एखादं पिंपळाचं रोप. हरळी मुळासकट खुरपून घ्यायची, पण पिंपळाचं रोप ओढायचं नाही. त्याची मुळी चिपांच्या फटीतून कडीपर्यंत गेलेली असते. ओढलं तर मुळीबरोबर माती आणि पाला येतो आणि छपराला भोक पडतं. ते खोलगट कापायचं आणि जागेवर खडे मीठ भरायचं. मग वरचा सुटा थर खरडून बाजूला घ्यायचा. चाळलेली माती टोपलीने वर द्यायची, चार बोटं जाड पसरायची आणि फळीने ओढत पन्हाळीकडे उतार द्यायचा. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. मामा तांब्याभर पाणी वरच्या कोपऱ्यात ओततात आणि ते कुठे जातं ते बघत उकिडवे बसतात. पाणी वाटेत अडलं की तिथे तळहाताने माती सारायची, पुन्हा तांब्या. संध्याकाळी सगळ्या मातीवर पाणी शिंपडून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत चोपण्याने चोपायची.

चोपून झालं की मामा सगळ्या माळवदावर अनवाणी फिरतात. सावकाश, टाच आधी टेकवत. मऊ लागलं की थांबतात, पायाने रेघ ओढतात, आणि मी तिथे पुन्हा चोपतो. कारखान्यात आम्ही बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला टेकवायचो. आवाज बदलला की आतल्या गोळ्या गेल्या हे कळायचं. मामांची टाच तसंच काम करते.

पहिल्या पावसात दोन-तीन ठिकाणी गळतंच. आई घमेलं-तपेलं मांडून ठेवते. पहिल्या वर्षी मी लगेच ताडपत्री शोधायला लागलो, तेव्हा मामा ढेळजेत बसून म्हणाले, “भाऊ, कामून घाई करायलाव? माती पानी प्यायलीय. दुसऱ्या पान्यात गळालं तर मंग हाक मारा.” दुसऱ्या पावसात एकाच जागी गळलं, मधल्या घरात देवळीच्या वर. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जायचं, भर पावसात ती जागा पायाने तुडवायची, खालून आई ओरडून सांगणार, “थांबलं,” तोवर तुडवत राहायचं. ओल्या मातीवर टाच दाबून फिरवली की ती घट्ट बसते. हे काम उन्हात होत नाही, दुसऱ्या दिवशी होत नाही. त्याच पावसात करावं लागतं.

माळवदाबद्दल मला ममत्व आहे, पण आंधळं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड छपरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात कितीतरी घरांची माळवदं उतरली आणि पत्रे चढले. पत्र्याच्या घरालाही भूकंपाचा धोका आहे. 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडे केंद्र असलेला 4.5 रिश्टरचा धक्का आमच्याकडेही जाणवला. त्या दिवशी नांदेडच्या प्रशासनाने लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या म्हणून सांगितलं. वाऱ्याने उडू नये म्हणून आपण पत्र्यावर दगड ठेवतो, आणि धक्का बसला की तोच दगड डोक्यात येतो. पत्रा नट-बोल्टने आणि हुकने नीट बांधावा, दगडावर सोडू नये. मी आमच्या गल्लीत हे काम फुकट करून दिलं आहे आणि पुढेही देईन.

आमच्या माळवदाचा खरा धोका वजनाचा होता. दर उन्हाळ्यात नवी माती टाकली जाते, जुनी कोणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत थर वाढत जातो. मी कुदळीने एका कोपऱ्यात खोदून पाहिलं तेव्हा माती दीड हातापेक्षा जास्त निघाली, तुळई मधोमध वाकलेली, आणि भिंतीतलं तिचं टोक वाळवीने पोखरलेलं. आधी वजन उतरवलं. निम्म्याहून अधिक माती खाली घेतली, वाकलेल्या तुळईला दोन लोखंडी टेकू दिले, तुळयांची टोकं भिंतीतून मोकळी करून पोखरलेला भाग तासून जळकं ऑईल पाजलं. स्वयंपाकघराचं माळवद पूर्ण उतरवलं. तिथे धूर आणि ओल दोन्ही होती, लाकूड उरलंच नव्हतं. तिथे पत्रा आहे आणि उन्हाळ्यात आई तिथे दहानंतर थांबत नाही.

माझं मत पक्कं आहे आणि ते मी पुण्यातल्या नातेवाइकांनाही सांगतो. ज्या घरात उन्हाळ्यात वर चढणारं कोणी नाही, त्या घराचं माळवद ठेवू नये. उतरवून टाकावं, लाकूड विकावं किंवा जपून ठेवावं, भिंतींवर पत्रा घालावा. नुसती आठवण म्हणून ठेवलेलं माळवद शेजाऱ्याच्या जिवावर उठतं. आमच्या गल्लीत कुलूप लावलेली घरं आहेत. माणसं पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, कोणी हैदराबादला. दिवाळीला येतात, ढेळजेत दिवा लावतात, जातात. घराच्या भिंती सामाईक असतात. बंद घराची पन्हाळ बुजली की पाणी भिंतीत मुरतं, आणि पलीकडच्या घरात, जिथे लेकरं झोपतात, तिथला पोपडा सुटतो. घर आपलं असलं तरी भिंत दोघांची असते.

रान गोदावरीच्या बाजूला आहे. सोनपेठ तालुक्याच्या उत्तरेने गोदावरी जाते, आणि खाली वाण नदी तिला मिळते. वरून पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीचं, पाणी येतं, मंजरथजवळ सिंदफणेतून माजलगावच्या धरणाचं पाणी तिला मिळालेलं असतं. त्यामुळे आमच्याकडे आभाळ कोरडं असतानाही नदी भरते, आणि आमच्याकडे मुसळधार असताना वर धरणं भरलेली असली तर बोलायलाच नको. जिल्ह्याची पावसाळ्याची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या घरात आहे. हा पाऊस चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. तीन आठवडे ढग नुसते जातात आणि मग एका रात्रीत महिन्याचा पडतो.

म्हणून धुरा. शहरात असताना मला धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द एवढंच वाटायचं. तो खरं म्हणजे पाण्याचा बांध आहे आणि त्याला वर्षभर माणूस लागतं. उंदीर आणि खेकडे बिळं करतात, शेजारचा ट्रॅक्टरवाला नांगरताना एक तास आत घेतो, जनावरं एकाच जागेवरून चढतात. जून उजाडायच्या आत सगळा धुरा पायी फिरून बघायचा. बिळात मुरूम आणि दगड ठोकायचे. सांडव्याच्या तोंडाशी दगडं रचायची, म्हणजे पाणी निघेल पण माती धरून राहील. धुऱ्यावरचं गवत जाळायचं नाही. मुळं माती बांधून ठेवतात. तणनाशक मारून धुरे लख्ख करण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. दोन वर्षांत धुरा निम्मा होतो आणि मग लोक जेसीबीला पैसे देतात.

धुऱ्यावरून भांडणंही होतात. कोर्टात पिढ्या जातात. वरच्या शेताचं पाणी खालच्या तुरीत शिरतं, तूर पिवळी पडते, मुळं कुजतात, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. आमच्या खालचे शेजारी माझ्या वडिलांशी बोलत नव्हते. मी त्यांच्या आखाड्यावर गेलो, चहा झाला, आणि आम्ही दोघांनी मिळून आडवा चर काढून पाणी नाल्याला सोडायचं ठरवलं. जेसीबीचे तास दोघांनी वाटून घेतले. सोयाबीन आता मी रुंद सरी-वरंब्यावर पेरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ही शिफारस जुनी आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघतं, ओढ बसली तर तेच पाणी सरीत मुरतं. काळ्या जमिनीला दोन्ही लागतं, एकाच हंगामात.

सप्टेंबर 2025 मध्ये मात्र धुरे, चर, सरी कशाचंच काही चाललं नाही. मराठवाड्यात सगळीकडेच अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला, गोदावरी पात्र सोडून पसरली. नदीकाठच्या शेतकऱ्याचं पहिलं काम अशा वेळी पीक वाचवणं नसतं, मोटार वाचवणं असतं. पीक पाण्याखाली गेलं की आपल्या हातात काही राहत नाही, पण मोटार, केबल आणि पाइप वेळेत वर घेतले तर रब्बी उभी करता येते. नदी वाढायला लागली तेव्हा आम्ही रात्रीच निघालो. बॅटरीच्या उजेडात आधी स्टार्टरपासून केबल सोडवायची, तिचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं. मग पाइपचे जोड मोकळे करायचे. जोडाच्या बोल्टवर वर्षभराचा गंज असतो, म्हणून आता मी दर उन्हाळ्यात ते बोल्ट काढून ग्रीस लावून बसवतो. त्या रात्री ते हाताच्या पान्याने सुटले. शेजाऱ्यांचे सुटले नाहीत, ते छन्नीने तोडावे लागले. मोटारीला बांधलेला दोर ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवला, दोघं काठावर लाकडं घेऊन उभे, मोटार दगडावर आपटू नये म्हणून. चिखलात ट्रॅक्टरचं चाक फिरत होतं. उजाडेपर्यंत आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच मोटारी वर आल्या. काहींच्या गेल्या. पाणी ओसरल्यावर कापूस काळा पडलेला, सोयाबीनच्या शेंगांना कोंब, आणि काठाची जमीन खरडून मुरूम उघडा पडलेला. मुरमावर पुन्हा माती व्हायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. भरपाईच्या यादीत खरडलेल्या जमिनीचा वेगळा रकाना असतो, पण गेलेली माती परत आणण्याचा रकाना नाही. गाळ आणून टाकणं एवढाच उपाय आहे, आणि आम्ही तो ट्रॉली-ट्रॉलीने करतो आहोत.

याच नदीचा दुसरा टोकाचा काळही या भागाने पाहिला. सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक वीजकेंद्राला पाणी जातं. 2015 च्या जुलैत बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले. तेव्हा मी पुण्यात होतो. आई फोनवर सांगायची की नदीत लोक झरे खोदतात. एकाच जागी दहाएक वर्षांच्या अंतरात कोरडं पात्र आणि पात्राबाहेरची नदी दोन्ही बघितलेल्या माणसाला शेतात कायमचं काही बसवताना दोन्ही टोकं धरूनच विचार करावा लागतो.

विजेचं काम मला सोपं जाईल असं वाटलं होतं, आणि ते तसं सोपं गेलंही. पण लाईट कधी येणार हे आपल्या हातात नसतं. शेतीची थ्री फेज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्री दोन वाजता थंडीत, सापाच्या-विंचवाच्या रानात, हातात बॅटरी घेऊन बारं द्यायला जावं लागतं. शेवटच्या टोकाला दाब कमी येतो. 415 व्होल्टच्या जागी सव्वातीनशे-साडेतीनशे मिळाले की मोटार तेवढंच काम ओढायला जास्त करंट घेते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग मोटार सोनपेठला भरायला टाकायची. तिथे आधीच रांग असते, कारण सगळ्यांच्या मोटारी त्याच आठवड्यात जळालेल्या. मी आमच्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या स्टार्टरला ओव्हरलोड रिले नीट बसवून दिले. लोक आधी रिले काढून थेट जोडायचे, कारण तो सारखा ट्रिप होतो. तो ट्रिप होतो ते मोटार वाचवण्यासाठी, हे एकदा मोटार उघडून जळालेलं तांबं दाखवलं की पटतं. कॅपॅसिटर बसवले, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात पाणी घालायला लावलं. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच याचा उपयोग होतो. एकट्याने आपलं शेत नीट ठेवायचं म्हटलं तर विजेचा दाब शेजाऱ्याच्या मोटारीमुळे पडतोच.

डीपी जळाला तर मात्र सगळं थांबतं. एका हिवाळ्यात आमचा डीपी जळाला. कागद देऊन झाले, फोन झाले, शेवटी आम्हीच ट्रॅक्टर पाठवून जळालेला उतरवून नेला आणि दुसरा भरून आणला. तोवर हरभऱ्याचं फुलोऱ्यातलं पाणी चुकलं. आता सौर पंपासाठी अर्ज केला आहे. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्के हिस्सा भरावा लागतो. दिवसा पाणी मिळणं हे मला उत्पन्नापेक्षा मोठं वाटतं. रात्रीच्या पाळीत साप चावून, शॉक लागून गेलेली माणसं या भागात प्रत्येक गावाला ठाऊक आहेत.

कागदांची कामं थोडक्यात सांगतो, कारण ती करायलाच लागतात आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद, ई-पीक पाहणी. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढावा लागतो, म्हणजे निदान त्या दिवशी तरी मालक रानात येतो. शहरात राहून शेत ठेवलेल्यांनी एवढं एक काम दुसऱ्यावर सोडू नये. 2025 च्या खरिपाआधी पिकाच्या नुकसानीची खबर विमा कंपनीला 72 तासांत द्यावी लागायची, आणि नुकसान झालं हे कळायला आधी कोणी शेतात असावं लागतं.

रानडुकरं मक्यात शिरतात, रोही हरभरा खातात, वानरं आखाड्यावरची कौलं सरकवतात. यांवर माझ्याकडे पक्का उपाय नाही. राखण करतो. तारेत करंट सोडायचा नाही, एवढं मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. तो आधी माणसालाच लागतो.

ही सगळी कामं करणारे हात कोणाचे, हे शहरातून येणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं. दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, कारखान्यांच्या फडावर, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाच-सहा महिने गल्ली रिकामी असते. म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं मागे राहतात. भिंत, माळवद, धुरा, गोठा, सगळी माणसाच्या हाताची कामं चैत्र-वैशाखात निघतात, त्यामागे हवामानाइतकंच हेही कारण आहे. फडावरून परतलेली माणसं तेव्हाच घरी असतात. पाच-सहा महिने मोळी वाहून आलेला माणूस पुन्हा माझ्या माळवदावर टोपली वाहतो. त्याचं स्वतःचं घर कोण नीट करतं? त्याची बायको, संध्याकाळी, सारवण कालवून, चंद्राच्या उजेडात. खुरपणीच्या बायका सकाळी आठला रानात असतात, त्याआधी घरचं सगळं उरकून. मजुरी वाढली म्हणून तक्रार करणारे शेतकरी मला भेटतात, मी स्वतः मजुरी देतो आणि ती मला जड जाते हेही खरं. पण ज्या हातांवर हा सगळा भाग उभा आहे त्यांना मिळणारा पैसा जास्त आहे, असं मी कधी म्हणणार नाही.

पुण्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काहीजण निवृत्तीनंतर गावी येण्याचा विचार करतात. फोन करून विचारतात, खर्च किती येतो. मी त्यांना खर्चाआधी गुडघे कसे आहेत ते विचारतो. वर चढता येतं का, रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर फिरता येतं का, भावकीशी बोलणं आहे का, वर्षात किती महिने इथे राहणार. अधूनमधून येऊन राहण्यासाठी फार्महाऊस बांधलं तर कुंपण आणि राखणदार यातच पैसा जातो, आणि आपण नसताना घर वाळवीच्या, उंदरांच्या ताब्यात असतं. सलग राहणार असाल तर या. कामाला तोटा नाही, हाताला येणारी विद्या इथे वाया जात नाही. चाकणला मी ज्या गोष्टी करायचो त्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट सोनपेठात कोणाला ना कोणाला लागते.

गल्लीतल्या बंद घरांचं आता काहीतरी ठरलं आहे. गेल्या दिवाळीत त्यांचे मालक आले होते तेव्हा ढेळजेत बसून बोलणं झालं. तीन घरांच्या मालकांनी दरवर्षी वैशाखात माळवदाचे पैसे पाठवायचे, चावी आमच्याकडे ठेवायची, आणि काम गल्लीने करायचं. ऊसतोडीहून परतणारे दोन तरुण पोरगे मामांच्या हाताखाली शिकायला तयार आहेत. त्यातला एक गवंड्याच्या हाताखाली राहिलेला आहे, त्याला उतार कळतो. मजुरी किती ते मामांनी ठरवायची, मालकांनी नाही, ही अट मी घातली आणि ती सगळ्यांनी मानली. माती कुठून आणायची हा प्रश्न उरतो. पोत्यांत ठेवलेली चाळलेली माती एका घराला पुरेल. बाकी दोन घरांचे थर जाड आहेत, म्हणून तिथे आधी वजन उतरवून निघालेलीच माती पुन्हा वापरता येईल. कोपऱ्याच्या घरापासून सुरुवात करणार आहोत, कारण त्याची पन्हाळ मोडलेली आहे आणि त्याच्या पलीकडच्या खोलीत तान्हं मूल आहे.